भीती वाटते तेव्हा काय करायचं? विश्वास, प्रार्थना आणि पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की चहाच्या टेबलापाशी कुणीतरी बाजूला घेतं, "ताई, एक विचारू का" म्हणतं, आणि नेमकं तेच विचारतं जे मागच्या रविवारी दुसऱ्या कुणीतरी विचारलेलं असतं. रात्री साडेबाराला मेसेज येतो तोही तोच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी पाळक नाही, सेमिनरी वगैरे काही केलेलं नाही, परळला वाढले, बँकेत नोकरी केली, आणि मुळात स्वतःच पक्की घाबरट, त्यामुळे या विषयातला अनुभव भरपूर आहे. जीव नकोसा झालाय अशा अवस्थेत कुणी हे वाचत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न १४ वाचा.

१. ख्रिस्ती माणसाला भीती वाटणं पाप आहे का? विश्वास कमी आहे म्हणूनच वाटते ना?

नाही हो. येशूला पकडलं ती गेथशेमाने बागेतली रात्र वाचा, मार्क १४ आणि लूक २२. येशू कासावीस झाला, मित्रांना म्हणाला जरा माझ्यासोबत जागे राहा, जमिनीवर पडून बापाला म्हणाला हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि लूक तर सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. ही भीतीच आहे, दुसरं काय नाव देणार? भीती हे पाप असतं तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी हा भाग झाकून ठेवला असता. भीती वाटली म्हणून खोटं बोललो, कुणाला एकटं टाकून पळालो, तर त्या वागण्याबद्दल पश्चात्ताप करा. पोटात गोळा आला त्याबद्दल माफी कसली मागता.

२. मग बायबलमध्ये "भिऊ नको" असं ३६५ वेळा का लिहिलंय? ती तर आज्ञाच झाली ना?

हा फॉरवर्ड मलाही वर्षातून चारदा येतो, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक वचन म्हणून. ऐकायला गोड आहे, पण मोजायला बसलात तर आकडा तेवढा भरत नाही. आणि भरायची गरज पण नाही, मला एकदा सांगितलं तरी पुरेल.

खरी गंमत सूर कुठला आहे त्यात आहे. देवदूत मरियेला म्हणतो भिऊ नको, मेंढपाळांना म्हणतो भिऊ नका, कारण समोरचा ऑलरेडी घाबरलेला आहे. रात्री लाइट गेली आणि पोरगं रडायला लागलं की आई म्हणते "घाबरू नको रे, मी आहे ना", तिथे आई काही हुकूम सोडत नसते. यशया ४१:१० मध्ये तेच आहे, भिऊ नको, *कारण* मी तुझ्याबरोबर आहे. लोक पहिला अर्धा भाग फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि "कारण" विसरतात. आणि त्या कारणात प्रॉब्लेम सुटेल असं नाही म्हटलंय, मी सोबत आहे असं म्हटलंय. या फरकावर पुढची बरीचशी उत्तरं उभी आहेत, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

३. पण "परमेश्वराचं भय" तर चांगलं म्हणतात, मग कुठलं भय ठेवायचं नि कुठलं सोडायचं?

नीतिसूत्रं १:७ मधलं भय म्हणजे आदर, त्याच्यासमोर आपण कोण याचं भान. ते भय माणसाला देवाजवळ आणतं. "चूक केली, आता देव मला धरून बदडणार" हे भय माणसाला लांब पळवतं, आणि त्याबद्दल १ योहान ४:१८ वाचा, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. लहानपणी ज्यांना "असं केलंस तर येशूबाप्पा शिक्षा करेल" म्हणून वाढवलंय त्यांना हे गळी उतरायला वेळ लागतो. मला चाळिशी लागली.

४. प्रार्थनेला बसते पण भीतीने डोकं बधिर होतं, शब्दच सुचत नाहीत. काय बोलायचं?

येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालता चालता बुडायला लागला तेव्हा त्याची प्रार्थना किती लांब होती बघा, मत्तय १४:३०. "प्रभुजी, मला वाचवा." संपली. तेवढीही नाही सुचली तर गप्प बसा, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो.

दुसरा उपाय म्हणजे उसने शब्द घ्या. स्तोत्रं २३, २७, ४६, ९१, १२१ यातलं कुठलंही एक, पण मोठ्याने वाचा, मनात नको, कारण मनात आधीच गर्दी असते. कॅथलिक घरात वाढलेले असाल तर तेर्स म्हणा, म्हणजे मरियेची जपमाळ. हाताला मणी लागतात, ओठ चालतात आणि डोकं हळूहळू मागून येतं.

आणि जमेल तेव्हा एकट्याने करू नका. गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या वाड्यांमध्ये गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतात ना, त्यातले बरेच १८९६ला मांडवीत प्लेग सुरू झाला त्या साथीच्या काळात उभे राहिलेत. लोक चार भिंतींच्या आत थरथरत बसण्यापेक्षा क्रुसापाशी जमून प्रार्थना करत होते. आजही मे महिन्यात काही वाड्यांमध्ये संध्याकाळी तिथे तेर्स होतो, खुर्च्या घरूनच आणतात.

५. रात्री दोन-तीनला खडबडून जाग येते आणि मग सगळ्या चिंता रांगेत उभ्या. तेव्हा काय?

एक, मोबाईल उचलू नका. दोन, उशाशी वही ठेवा आणि चिंता लिहून काढा, अगदी किराणा मालाच्या यादीसारखी, आणि खाली लिहा "प्रभू, हे सकाळपर्यंत तुझ्याकडे". हसू नका, मी बारा वर्षं करतेय. सकाळी वाचलं की निम्म्या गोष्टी हास्यास्पद वाटतात, उरलेल्या निम्म्या खऱ्या असतात पण उजेडात त्यांना फोन करता येतो, अर्ज करता येतो.

तीन, एलीयाची गोष्ट वाचा, १ राजे १९. हा एवढा मोठा संदेष्टा, जिवाच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली पडून म्हणाला आता पुरे, मला मरण दे. देवाने त्याला प्रवचन दिलं का? आधी झोपू दिलं. मग देवदूताने हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू, खा म्हणाला. परत झोपला, परत उठवून खायला घातलं. बोलणं नंतर. दोन रात्री झोप नाही आणि पोटात फक्त चहा अशा अवस्थेत स्वतःचा विश्वास तपासत बसू नका, आधी वरणभात खा.

६. नोकरी गेली, ईएमआय चालू आहे. "उद्याची चिंता करू नका" हे पगार चालू असणाऱ्यांना बोलायला सोपं, नाही का?

खरंय, आणि हे वचन दुसऱ्याच्या तोंडावर फेकून मारणाऱ्यांचा मलाही राग येतो. म्हणून पगार नसलेल्या घरातली गोष्ट सांगते.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, त्यात माझे बाबा, साचेखात्यात होते. सुरुवातीला सगळे म्हणायचे महिन्याभरात मिटेल. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, बाबा परत गिरणीत गेलेच नाहीत. आई पापड लाटायला आणायची. आमच्याकडे पिठाचा एक ॲल्युमिनियमचा डबा होता, आणि महिनाअखेरीला आई तो उपडा करून बुडावर तळहाताने थापा मारायची, कडेच्या खाचेत अडकलेलं पीठ परातीत पडावं म्हणून. तो आवाज मला अजून येतो. मग जेवायच्या आधी प्रभूची प्रार्थना, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणताना ती "आज" वर थांबायची, इतका वेळ की आम्ही पोरं एक डोळा उघडून बघायचो. एकदा मी विचारलं, आई, उद्याचं काय? म्हणाली, "उद्याचं उद्या मागू, तोंड आहे ना आपल्याला."

ही प्रार्थना आणि उद्याची चिंता करू नका हे वचन, दोन्ही मत्तयच्या सहाव्याच अध्यायात आहेत, जोडीने वाचायचे. प्लॅनिंग करू नका असं त्यात कुठेच नाही, आई दुसऱ्या दिवशीच्या पापडांचं पीठ रात्रीच मोजून ठेवायची. फक्त पुढच्या महिन्याचं ओझं आजच्या डोक्यावर घेऊ नका.

आता बँकेतली बाई म्हणून सांगते, हप्ता बाऊन्स व्हायच्या *आधी* बँकेत जाऊन भेटा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का विचारा, लोक तीन हप्ते चुकल्यावर येतात आणि तोपर्यंत हातातले बरेच मार्ग गेलेले असतात. घरी सांगा. रोज डबा घेऊन बाहेर पडून दादर स्टेशनवर दिवस काढणारे मी पाहिलेत, त्या लपवण्यात जेवढी भीती आहे तेवढी बेकारीत पण नाही. आणि चर्चच्या मंडळीत निदान एका माणसाला सांगा.

७. गर्दीच्या लोकलमध्ये अचानक छाती धडधडते, श्वास लागत नाही, आता मरणार असं वाटतं. हा सैतानाचा हल्ला आहे का?

बऱ्याचदा हा पॅनिक अटॅक असतो. पण हार्ट अटॅकची लक्षणंही अशीच असू शकतात, म्हणून पहिल्यांदा झालं असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा, आणि छातीत कळ, हाता-जबड्यात दुखणं, घाम असं असेल तर थेट १०८ला फोन.

डॉक्टरांनी हार्ट ठीक आहे सांगितलंय आणि तरी होतंय, तर पुढच्या स्टेशनला उतरा, लाज वाटून घेऊ नका, विरारची गाडी परत येतेच. बाकावर बसा, पाय जमिनीवर टेकवा, श्वास सोडताना घेतानापेक्षा जास्त वेळ लावा. श्वास घेताना "परमेश्वर माझा मेंढपाळ", सोडताना "मला काही उणे पडणार नाही". दुसरी ओळ मोठी आहे त्यामुळे श्वास आपोआप लांबतो. अटॅक काही मिनिटांत ओसरतो. वारंवार येत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

८. भीतीसाठी सायकियाट्रिस्टच्या गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी आहे असं होईल का? आमच्या ग्रुपमध्ये बंद कर म्हणतात.

बंद करू नका. या गोळ्या डॉक्टरला न विचारता एकदम सोडल्या तर त्रास वाढू शकतो, आणि तो त्रास ग्रुपवाले येऊन सोसत नाहीत. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैकरांस पत्र ४:१४. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर नाही म्हणाला. १५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर आजाऱ्यांची सेवा करायला गावातच थांबला, आणि त्या दिवसांतल्या पत्रात त्याने लिहिलं की मी देवाला राखायला विनंती करीन, मग घराला धुरी देईन, औषध घेईन, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही. चारही गोष्टी एका दमात, त्याला त्यात भांडण दिसलं नाही. आपल्याकडे बीपीच्या गोळीला कुणी अविश्वास म्हणत नाही, मेंदू काय शरीराच्या बाहेर आहे का?

पैशाची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर या म्युनिसिपल हॉस्पिटलांमध्ये सायकियाट्रीची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

९. २६ जुलैपासून जोराचा पाऊस लागला की हातपाय गार पडतात. वर्षं झाली, प्रार्थना करूनही जात नाही.

२००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, जे अडकले त्यांच्या अंगात तो पाऊस अजून आहे. मी अंधेरीहून चालत निघाले होते, कमरेएवढ्या पाण्यात एक अनोळखी माणूस काठीने पुढचं गटार चाचपत होता आणि मागे आम्ही पंधरा-वीस जण एकमेकांचे दप्तर-पर्स धरून.

मार्क ४ मध्ये शिष्य वादळात सापडले आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. ते भक्तिभावाने वगैरे नाही बोलले, चिडून बोलले, आम्ही बुडतोय त्याची तुम्हाला पर्वा नाही का? आणि मार्क सांगतो त्या क्रमाने बघा, त्याने *आधी* वारा थांबवला आणि *मग* विचारलं तुम्ही एवढे का घाबरलात. म्हणजे चिडून मारलेली हाक पण ऐकली जाते. अंगात बसलेली भीती जायला वेळ लागतो, काहींची पूर्ण जात नाही. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत वर ठेवा, जाणं टाळता येत असेल तर टाळा, आणि पावसाने फारच झोप उडवली असेल तर प्रश्न ८ मधलं तुम्हालाही लागू.

१०. एवढी प्रार्थना केली तरी रिपोर्ट वाईटच आला. मग उपयोग काय झाला?

या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. माझा भाऊ २०२० मध्ये कोविडने गेला. अकरा दिवस प्रार्थनेची साखळी होती, तासातासाला एकेक घर, आणि बाराव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. नंतर एक बाई मला म्हणाल्या, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. मी त्यांना काही बोलले नाही, दोन महिने चर्चलाच गेले नाही.

परत आणलं ते स्तोत्र ८८ ने. बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, आभार मानतात, हे घेत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. दुसरं दानीएल ३, भट्टीसमोर उभे असलेले ते तीन तरुण राजाला म्हणतात आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं *तरीही* आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या "तरीही" ला कमी विश्वास कोण म्हणेल? गेथशेमानेतला प्यालाही दूर झाला नव्हता (प्रश्न १).

रिपोर्ट हातात आहे आणि टाटा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून हे वाचताय तर एवढंच सांगते, पुढच्या अपॉइंटमेंटला एकटे जाऊ नका. डॉक्टर काय बोलले ते घाबरलेल्या माणसाला निम्मं ऐकू येत नाही, सोबतच्याने लिहून घ्यावं. प्रार्थनेचं उत्तर मला पुष्कळदा असं रिक्षाने आलंय, थर्मासमध्ये कॉफी घेऊन.

११. आजाऱ्याला तेल लावायला फादरना बोलावलं म्हणजे आता संपलं, असं घरचे म्हणतात. बोलवू की नको?

बोलवा, आणि वेळेत बोलवा. तो संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, गंभीर आजारासाठी, मोठ्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा घेता येतो. याकोब ५:१४ मध्ये आजारी माणसासाठीच लिहिलंय. पेशंटला आधी सांगून ठेवा मात्र, नाहीतर फादरना दारात बघूनच त्याचं बीपी वाढेल.

१२. घरावर कुणीतरी करणी केलीय असं वाटतं, एका प्रार्थनावाल्यांनी पण तसंच सांगितलं. आता फार भीती वाटते.

येशूच्या नावावर भरवसा असलेल्याने लिंबाला घाबरायचं कारण नाही, रोमकरांस ८:३८-३९ घरात मोठ्याने वाचा, त्यात कुठलीच शक्ती आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळी करू शकत नाही असं आहे. पण मला तुमच्या भीतीपेक्षा त्या प्रार्थनावाल्यांची जास्त काळजी वाटते. भीती घेऊन आलेल्या माणसाला जास्त घाबरवून पाठवतो तो मेंढपाळ कसला. भूत काढतो म्हणून कुणी पेशंटला मारहाण करत असेल, बांधून ठेवत असेल, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, तोंडात वचन असलं तरी. आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं सतत वाटणं, याला डॉक्टर लागतो, प्रश्न ८.

१३. ऑनलाइन एक सेवक म्हणतात अमुक रकमेचं बी पेरा, भीतीचं बंधन तुटेल. पाठवू का?

नको.

१४. भीतीने इतकं थकायला झालंय की जगणंच नको वाटतं. हे बोलले तर लोक काय म्हणतील?

बोललात ते फार बरं केलंत. आत्ता लगेच घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगा "मला एकटीला सोडू नका", एवढंच वाक्य पुरे. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२, किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

आणि लोक काय म्हणतील ते म्हणोत, एलीयाने हेच म्हटलं होतं (प्रश्न ५), देव त्याच्यावर रागावला नाही. प्रार्थना नंतर करू, मी करीन तुमच्यासाठी, आधी फोन.

१५. आम्ही ख्रिस्ती नाही, पण बुधवारी माहीमला नोव्हेनाला जातो, मन शांत होतं. चालतं का?

माहीमच्या सेंट मायकल चर्चला बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन बघा, रांगेत मंगळसूत्रं, बुरखे, पगड्या सगळं दिसतं. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी) जत्रेतही तेच, मेणाचे हात, पाय, घरं घेऊन सगळ्या जातीधर्माची माणसं चढ चढतात. प्रार्थना ऐकायला देव आधी दाखला मागत नाही. मेणबत्ती लावली की काम झालंच पाहिजे असा सौदा मात्र मनात ठेवू नका, कारण प्रश्न १० तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. माझ्यासारख्या प्रोटेस्टंट बाईने नोव्हेनाबद्दल बोलावं का असं आमच्यातले काही जण म्हणतील, म्हणू देत.

१६. घरात टेन्शन आहे, मुलांपासून लपवावं का?

त्यांना कळलेलं असतं, आम्हाला डब्याच्या आवाजावरून कळायचं (प्रश्न ६). वयाला झेपेल तेवढं खरं सांगा आणि त्यांच्यादेखत साधी प्रार्थना करा, "प्रभू, पप्पांना भीती वाटतेय, आम्हाला मदत कर". "सगळं छान होईल" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. "आपण एकत्र आहोत" हे देऊ शकता.

१७. बरीच वर्षं चर्चला गेले नाही, आता भीती वाटते तेव्हा जावंसं वाटतं. पण अडचणीत आलं की देव आठवला असं म्हणतील ना?

म्हणतील एकदोघं. पेत्रालाही बुडताना आठवला होता. उशिरा या, शेवटच्या बाकावर बसा, पंख्याखालचा डावीकडचा बाक बहुतेक रिकामा असतो कारण तो पंखा आवाज करतो. गीताच्या वेळी उभं राहायचं, बाकी काही येत नसेल तरी कुणी बघत नाही. संपल्यावर लगेच पळू नका, चहा असतो. साखर जरा जास्त घालतात, आधीच सांगून ठेवते.